साथ गेली, घालमेल राहिली: सांगली-मिरजेत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मिरजेत समुपदेशक म्हणून काम करते. कोरोनाच्या साथीत, २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत, माझं बहुतेक काम फोनवरच चाललं. विलगीकरणात अडकलेली माणसं, बेडसाठी वणवण करणारे मुलगे, रात्री दोनला "काही नाही ताई, नुसतं कुणाशी तरी बोलायचं होतं" म्हणणाऱ्या बाया. साथ ओसरली तसे फोन कमी झाले, पण प्रश्न काही थांबले नाहीत. बचत गटाच्या बैठकीत, पालकसभेत, अगदी लग्नाच्या मांडवातसुद्धा कुणीतरी हळूच बाजूला घेऊन विचारतं. तेच प्रश्न आणि मला जमतील तशी उत्तरं इथे लिहिली आहेत. माणसांची ओळख पटू नये म्हणून गावं, नाती आणि बारीकसारीक तपशील बदलले आहेत.

एवढी वर्षं झाली. आता ते उकरून काढायचं कशाला?

ज्यांचं मन पुन्हा मार्गी लागलंय त्यांनी अजिबात उकरू नये. पण माझ्याकडे येणाऱ्यांत अजूनही असे खूप आहेत, ज्यांच्या हातातलं काम अॅम्ब्युलन्सचा आवाज आला की थांबतं. घरात कुणी खोकलं की ज्यांना रात्रभर डोळा लागत नाही. आणि ज्यांना गेलेल्या माणसाचा फोटो भिंतीवर लावायला अजून हात धजत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० ला जागतिक साथ जाहीर केली आणि ५ मे २०२३ ला आणीबाणी संपल्याचं सांगितलं. मनाचा हिशोब अशा तारखांनी मिटत नाही. त्याच संघटनेने मार्च २०२२ मध्ये सांगितलं होतं की साथीच्या पहिल्या वर्षात जगभर चिंता आणि नैराश्याचं प्रमाण २५ टक्क्यांनी वाढलं. त्या २५ टक्क्यांत आपल्या गल्लीतली माणसंही आहेत.

साथीत मनाला नेमकं होतं तरी काय?

भीती वाटणं हा बिघाड नाही. धोका जाणवला की मेंदूतला अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग घंटा वाजवतो. अंगात अॅड्रेनालिन आणि कॉर्टिसॉल वाढतं, छाती धडधडते, पाय पळायला तयार होतात. उसाला पाणी पाजताना साप दिसला तर हेच होतं. साप बांधापलीकडे गेला की कपाळामागचा विचार करणारा मेंदू सांगतो, "गेला बाबा, आता श्वास घे." साथीत साप दिसतच नव्हता. तो दाराच्या कडीवर असेल, दुधाच्या पिशवीवर असेल, शेजारी झोपलेल्या नवऱ्याच्या श्वासात असेल. घंटा वाजतच राहिली आणि "गेला" असं ठामपणे सांगणारं कुणी नव्हतं. महिनोन्महिने असं चाललं की झोप तुटते, पोट बिघडतं, साध्या गोष्टी विसरायला होतात आणि ताटली पडल्याच्या आवाजानेही माणूस खेकसतो.

दुसरी गोष्ट मला याहून मोठी वाटते. स्टॅनफर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस यांनी १९९८ मध्ये एक मांडणी केली. माणूस भावना पाच ठिकाणी सावरू शकतो, असं ते म्हणतात. आपल्याकडचं उदाहरण घेऊ. वाटणीवरून भावाशी बिनसलंय आणि पुतण्याचं लग्न आलंय. तुम्ही लग्नाला जायचंच टाळू शकता, हे पहिलं ठिकाण. गेलातच तर पंगतीत मामाला मध्ये बसवाल, हे दुसरं. भावाकडे न बघता पोराबाळांत मन रमवाल, हे तिसरं. "त्याच्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज आहे, तो तरी काय करणार" असा वेगळा विचार कराल, हे चौथं. आणि यातलं काहीच जमलं नाही तर तोंडावर हसू ठेवून राग गिळाल, हे पाचवं.

आता साथीत काय झालं बघा. घराबाहेर पडायचं नाही, म्हणजे पहिलं दार बंद. परिस्थिती कुणाच्याच हातात नाही, म्हणजे दुसरंही बंद. मन दुसरीकडे लावावं तर मोबाईलवर पाच-पाच मिनिटांना आकडे आणि श्रद्धांजलीचे स्टेटस. वेगळा विचार करायला शांत झोप लागते, बोलायला माणूस लागतं, आणि नेमकी तीच टंचाई होती. उरलं फक्त गिळणं. आपल्या जिल्ह्याने दोन वर्षं तेच केलं.

म्हणजे भावना सावरणं आणि दाबणं यांत फरक आहे?

मोठा फरक आहे. दाबलेली भावना चेहऱ्यावर दिसत नाही एवढंच. अंगातली धडधड तशीच राहते, उलट दाबून धरण्यात मेंदूची शक्ती खर्च होते आणि त्या वेळचं बोलणंही धड लक्षात राहत नाही. ग्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांत हे दिसलं आहे. बाहेरून खंबीर वाटणारे कर्ते पुरुष साथीनंतर रक्तदाब, पाठदुखी, पित्त अशा तक्रारी घेऊन दवाखान्यात येत राहिले, त्यातल्या कित्येकांशी बोलताना मला हेच जाणवलं. "पुरुषासारखा पुरुष आणि रडतोय काय" हे वाक्य आपण घराघरांतून काढून टाकायला हवं. मी हे पोटतिडकीने सांगते, कारण त्याची किंमत मी पाहिली आहे.

मला सारखं टेन्शन असतं. यावर घरच्या घरी काय करू?

आधी 'टेन्शन' हा शब्द बाजूला ठेवा. तो इतका वापरलाय की त्यातून काहीच कळत नाही. आपल्या मराठीत मनाच्या एकेका अवस्थेला वेगळा शब्द आहे. पुढे काहीतरी वाईट होईल असं वाटतं ती धास्ती. कुणी दूर आहे आणि करमत नाही ती हुरहुर. इकडे आड तिकडे विहीर अशी मनाची ओढाताण ती घालमेल. करायचं राहून गेलं म्हणून टोचतं ती चुटपुट, आणि तीच वर्षानुवर्षं राहिली की सल. काहीच नको वाटतं तो उबग.

हे मी भाषेच्या हौसेने सांगत नाही. भावनेला नेमका शब्द दिला की मेंदूतली ती घंटा थोडी मंद होते, हे मेंदूच्या स्कॅनमध्येही पाहिलं गेलं आहे. शिवाय प्रत्येकीवर उपाय वेगळा असतो. धास्तीला खरी माहिती लागते. हुरहुरीला फोन किंवा भेट लागते. चुटपुट असेल तर राहिलेलं काम, उशिरा का होईना, करून टाकावं लागतं. एका भगिनींनी मला महिनाभर टेन्शन म्हणून सांगितलं. खोलात गेल्यावर ती चुटपुट निघाली. आजारी सासूबाईंनी शेवटी शिरा मागितला होता आणि ताप आहे म्हणून यांनी तो दिला नव्हता. त्यांना गोळीची गरज नव्हती. त्यांनी सासूबाईंच्या तिथीला शिरा करून वाटला, आणि वाटताना त्यामागची गोष्ट जावेला सांगितली. ही गोष्ट सांगणं त्यांना सगळ्यात जड गेलं.

आम्ही सांगलीकर. २०१९ चा महापूर बघितलेली माणसं. मग या साथीने एवढे का खचलो?

हा प्रश्न मला फार जवळचा आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. घरं, जनावरं, दुकानं, वह्यापुस्तकं, सगळं गेलं. पण त्या आठवड्यात गाव एकत्र आलं होतं. वरच्या अंगाच्या गावांतून भाकऱ्यांची गाठोडी येत होती, अनोळखी पोरं होड्यांतून म्हाताऱ्यांना पाठीवर घेत होती, मंगल कार्यालयात शंभर बायका एका जागी झोपत होत्या आणि रडतही एकत्र होत्या. पाणी कुठवर आलंय ते डोळ्यांना दिसत होतं आणि कधी ओसरलं तेही दिसलं. भिंतीवर आजही ती रेघ दाखवता येते.

साथीने याच्या बरोबर उलट केलं. पुरात ज्या माणसाचा हात धरायचा, साथीत त्याच माणसापासून लांब राहायचं. तान्हं बाळ आईच्या छातीशी लागून शांत होतं. मोठेपणीही आपण एकमेकांच्या अंगाखांद्यावरच शांत होतो, फक्त ते कबूल करत नाही. पारावरचा कट्टा, दुपारी बायकांनी मिळून केलेल्या कुरडया-पापड्या, तालमीतली पोरं, सोमवारचा बाजार ही आपली मन सावरायची ठिकाणं होती. तीच आधी बंद झाली.

आणि दम खायला वेळही मिळाला नाही. पुराचा चिखल धुऊन सात महिने होत नाहीत तोवर टाळेबंदी. द्राक्षाचा माल बागेत तयार आणि व्यापारी येईना, म्हणून कित्येकांनी घाईघाईने बेदाणा केला. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये दुसरी लाट, आणि जुलैमध्ये परत पूर. एका धक्क्यातून मन सावरायच्या आत दुसरा बसला की माणूस पहिल्या धक्क्याएवढंही सोसू शकत नाही. याला कमकुवतपणा म्हणू नका.

सुरुवातीला पेशंटच्या घराकडे बोट दाखवत होतो आम्ही. आता लाज वाटते.

लाज वाटते हे चांगलंच आहे, तिथून पुढे जाता येतं. २३ मार्च २०२० ला सौदी अरेबियातून परतलेल्या इस्लामपूरच्या एका कुटुंबातल्या चौघांची तपासणी पॉझिटिव्ह आली आणि काही दिवसांत तो आकडा वीसच्या वर गेला. अख्ख्या महाराष्ट्राचं लक्ष त्या गावाकडे लागलं. एप्रिलच्या मध्यापर्यंत त्यातले जवळजवळ सगळे बरे झाले आणि 'इस्लामपूर पॅटर्न' म्हणून कौतुकही झालं. पण मधल्या दिवसांत त्या घराबद्दल, त्या समाजाबद्दल जे बोललं गेलं ते ऐकलेली माणसं आपल्यातच आहेत.

न दिसणाऱ्या धोक्याची भीती मनाला पेलत नाही. तिला चेहरा हवा असतो. चेहरा सापडला की भीतीचा राग होतो, आणि राग भीतीपेक्षा सोपा वाटतो. पुढे तोच प्रकार विटा-आटपाडीकडच्या गलाई कामगारांच्या वाट्याला आला. सोन्या-चांदीच्या कामासाठी देशभर पांगलेली ही आपलीच पोरं २०२० च्या मे महिन्यात गावी परतली तेव्हा वेशीवर अडवली गेली आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत बाकांवर झोपली. त्यातला एकजण मला म्हणाला, "तामिळनाडूत घरमालकानं महिन्याचं भाडं सोडलं. आणि आमच्या गावात चुलत्यानं तांब्या लांबून सरकवला." त्या चुलत्याने अजून त्याच्याजवळ तो विषय काढलेला नाही. माझं म्हणणं, काढावा. "तेव्हा घाबरलो होतो रे, चुकलं" एवढं पुरतं.

माझ्या माणसाचं शेवटचं तोंडही बघता आलं नाही. तो गेलाय हे अजून पटत नाही. हे वेड तर नाही ना?

नाही. सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

वाळवा तालुक्यातल्या एक ताई आहेत. मे २०२१ मध्ये त्यांचे यजमान स्वतःच्या पायांनी अॅम्ब्युलन्समध्ये चढले आणि जाताना "म्हशीला पेंड घालायची विसरू नको" म्हणाले. अकराव्या दिवशी फोन आला. अंत्यसंस्कार पालिकेच्या माणसांनी केले. थोरल्या मुलाला लांबून, गेटपाशी उभं राहून बघता आलं. नंतर घरी एक प्लॅस्टिकची पिशवी आली. त्यात चष्मा, अर्धा वापरलेला दंतमंजनाचा डबा आणि त्यांचा मोबाईल. त्या ताई रोज रात्री झोपताना तो मोबाईल चार्जिंगला लावायच्या. दोन वर्षं, एक दिवस न चुकता. सिमकार्ड कधीच बंद पडलं होतं. मुलं म्हणायची, "आई, वेड लागलंय तुला." त्या मला म्हणाल्या, "मी बघितलं न्हाई ना. जे बघितलं ते चालत जाताना. मग फोन आला तर?"

पॉलिन बॉस या अमेरिकन अभ्यासक अशा दुःखाला संदिग्ध विरह म्हणतात. माणूस गेलाय, पण गेल्याची खूण मनाला मिळालेली नाही. आपल्याकडे ती खूण पटवायला फार जुनी व्यवस्था आहे. अंगाला पाणी घालणं, तोंडात तुळशीपान, खांदा देणं, तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन, पिंडाला कावळा शिवण्याची वाट बघत अख्खा गाव नदीकाठी उभा राहणं, शेजाऱ्यांनी आणलेलं पिठलं-भाकरी. पाहुणे तेराव्यापर्यंत तीच तीच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारतात, "कसं झालं? काय म्हणाले शेवटी?" आणि घरची माणसं तीच तीच गोष्ट सांगतात. दहाव्या वेळी सांगताना ती गोष्ट थोडी वेगळी, थोडी हलकी झालेली असते. मी विज्ञान शिकलेली बाई आहे, पण दुखवट्याच्या या रीतीइतकं शहाणं मानसोपचार मी क्वचितच पाहिलं आहे. साथीने ती सगळी एका झटक्यात काढून घेतली.

म्हणून माझा सल्ला असतो, राहिलेलं आता करा. वर्षश्राद्धाला किंवा कुठल्याही दिवशी माणसं बोलवा. ज्याने त्यांना शेवटचं पाहिलं असेल, मग तो वॉर्डबॉय असेल, शेजारच्या कॉटवरचा बरा झालेला पेशंट असेल, त्याला शोधून विचारा. त्या वाळव्याच्या ताईंना असाच एक पेशंट सापडला. "तुमचे मालक मला चहातला बिस्किटाचा पुडा द्यायचे, आणि म्हशीचं सांगायचे," एवढंच तो म्हणाला. ताई त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्याने रडल्या. मोबाईल अजून त्यांच्या कपाटात आहे. चार्जिंगला मात्र लावत नाहीत.

हे दुःख काही जणांत अडकून बसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गवारीत लांबलेल्या शोकाची स्वतंत्र नोंद आहे: सहा महिन्यांहून अधिक काळ, आपल्या समाजात जे रीतीचं समजलं जातं त्यापेक्षा खूप जास्त, आणि रोजचं जगणंच ठप्प करणारा असा शोक. तसं असेल तर उपचार आहेत आणि ते लागू पडतात.

आणि मला रडूच आलं नाही. मी निर्दयी आहे का?

माझे मामा एप्रिल २०२१ मध्ये गेले. त्या दिवशी माझे सात फोन ठरलेले होते. मी सातही घेतले, एकही अश्रू आला नाही, आणि मला स्वतःचीच भीती वाटली. पुढच्या वर्षी बेंदराला आजोळी गेले. मामेभाऊ बैलांच्या शिंगांना हुरमुंज लावत होता. मामा नेहमी उजव्या शिंगापासून सुरुवात करायचे, त्याने डाव्यापासून केली. मी गोठ्यातच खाली बसले आणि जे रडले ते तासभर थांबेना.

संकट चालू असताना मन दुःख बाजूला ठेवतं, कारण आधी तगायचं असतं. ते नंतर येतं, बहुतेकदा भलत्याच जागी, वासाने, रंगाने, आवाजाने. येऊ द्या.

सगळे घरात एकत्र होते, तरी भांडणं का वाढली?

एकत्र होते म्हणूनच. दोन खोल्यांत सात माणसं, कुणालाही बाहेर जाऊन डोकं शांत करायची सोय नाही, पगार अर्धा, पोरांची शाळा त्याच मोबाईलवर ज्याच्यावर बापाचं काम. वर बाईच्या वाट्याला दिवसातून चार स्वयंपाक. राग हा पुष्कळदा धास्तीचाच मुखवटा असतो आणि तो जवळच्या, दुबळ्या माणसावर निघतो.

पण इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते. चिडचिड समजून घेता येते, मारहाण नाही. साथ, दारू, बेकारी, कशाचंही नाव सांगून हात उचलणं माफ होत नाही. अजूनही ते चालू असेल तर १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करा.

कोविड होऊन गेल्यापासून माझा स्वभावच बदलला. हे मनाचं की शरीराचं?

दोन्हीचं असू शकतं. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, मुख्यतः अमेरिकेतल्या दोन लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या होत्या. कोविडनंतरच्या सहा महिन्यांत सुमारे तिघांपैकी एकाच्या कागदांवर मेंदूशी किंवा मनाशी संबंधित काहीतरी निदान होतं, आणि त्यात चिंता सगळ्यात पुढे होती. काहींना आधीपासूनच त्रास होता, हेही लक्षात घ्यावं. शिवाय दुसऱ्या लाटेत स्टेरॉइड पुष्कळांना दिलं गेलं. त्याने जीव वाचले, पण स्टेरॉइडने झोप उडते, मन अति उत्तेजित किंवा अति उदास होऊ शकतं. आयसीयूत राहिलेल्यांना भास, दचकून उठणं हेही होतं. तेव्हा "मी बदललो, मी वाईट झालो" असं ठरवण्याआधी थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन, बी१२ एकदा तपासून घ्या.

मुलांचं काय? तेव्हा काही बोलली नाहीत.

मुलं बोलत नाहीत, वागतात. जून २०२० मध्ये पहिलीत गेलेलं पोर वर्गात बसलंच नाही. भांडण झाल्यावर परत खेळायला कसं यायचं, आपली पाळी येईपर्यंत कसं थांबायचं, हे बालवाडी आणि पहिलीत धक्काबुक्कीतूनच शिकतात, ते राहिलं. मोठ्यांचं वेगळं. २०२० च्या दहावीच्या मुलांचा भूगोलाचा पेपर झालाच नाही, २०२१ च्या मुलांची परीक्षाच रद्द झाली. मोठ्यांना ती चैन वाटली. त्या मुलांच्या मनात मात्र "आपण खरे पास झालोच नाही" हा सल राहिला. "तुमची कोरोना बॅच" असं चेष्टेत म्हणणं कृपा करून थांबवा.

ज्यांचे आईवडील गेले त्या मुलांना मुदतठेव मिळाली, योजना मिळाल्या. ते गरजेचंच होतं. पण बाबांविषयी त्यांच्याशी कुणी बोलत नाही, पोर रडेल म्हणून. बोला. बाबा लहानपणी कसे होते, विहिरीत उडी कशी मारायचे, ते सांगा.

मी आशा आहे. सगळ्यांचं झालं, आमचं कोण विचारणार?

ताई, तुमचं बरोबर आहे. सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम निघाली तेव्हा दारोदार ऑक्सिमीटर आणि थर्मामीटर घेऊन तुम्हीच फिरलात, शिव्याही तुम्हीच खाल्ल्यात, आणि घरी आल्यावर पोराला जवळ न घेता आधी न्हाणीत गेलात. सिस्टर, सफाई कामगार, स्मशानातली माणसं यांचंही तेच. टाळ्या-थाळ्यांनी हे भरून येत नाही. तुमच्या दुःखाला एक नाव आहे, नैतिक जखम: जे करायला हवं होतं ते करता आलं नाही, बेड नव्हता, ऑक्सिजन नव्हता, आणि समोरच्याला "थांबा" म्हणावं लागलं. ते ओझं एकटीने वाहायचं नसतं. त्याच काळात काम केलेल्या तिघी-चौघी महिन्यातून एकदा बसा. बाहेरच्यांना समजावून सांगावं लागतं, आपसांत ते लागत नाही.

आधीच्या साथींत आपल्या लोकांनी कसं निभावलं?

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या काही वर्षांत तो घाटावर गावोगाव पसरला. तेव्हा वाळवा, तासगाव, खानापूर हा सगळा मुलूख सातारा जिल्ह्यातच होता. लोक गाव सोडून रानात, माळावर खोपटी बांधून राहायचे. म्हणजे अंतर ठेवायचे, पण एकेकटे नाही, वस्तीच्या वस्ती मिळून. साताऱ्याच्या नायगावच्या सावित्रीबाई फुले पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना स्वतःच त्या आजाराने १० मार्च १८९७ ला गेल्या. १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ आपल्याकडे 'मानमोडी' म्हणून लक्षात राहिली. देशात एक कोटीहून अधिक माणसं त्यात गेली. म्हातारी माणसं त्या गोष्टी सांगायची, पण घरातलं कोण गेलं ते सांगायची नाहीत. माझ्या पणजीला दोन धाकट्या बहिणी होत्या हे मला २०२० मध्ये कळलं. शंभर वर्षं कुणी त्यांचं नाव घेतलं नव्हतं.

भजन, वारी, देवदर्शन याने खरंच फरक पडतो का?

पडतो, असं माझं मत आहे. २०२० मध्ये माउलींच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या आणि लोणंद, तरडगाव, फलटण, बरड हा पालखीचा रस्ता रिकामा राहिला. तासगावकडचे एक आजोबा तीस-पस्तीस वर्षांचे वारकरी. ते वारीच्या दिवसांत रोज पहाटे आपल्याच द्राक्षबागेच्या बांधावरून टाळ घेऊन हरिपाठ म्हणत चालले, दुपारपर्यंत. त्यांना मन सावरण्याचं शास्त्र माहीत नव्हतं, पण चालण्याची लय, अभंगाची लांब ओढ, म्हणजे लांबवर सोडलेला श्वास, आणि रोजची ठरलेली वेळ, या तिन्हींनी शरीरातली धडधड खरोखर उतरते. देव मानत नसाल तर चालताना गाणं म्हणा. फक्त देवाच्या भरवशावर चालू गोळ्या बंद करू नका.

दवाखान्यात जायची वेळ आली हे कसं ओळखायचं? आणि जायचं कुठे?

दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक किंवा कामातलं लक्ष गेलं असेल, दारू वाढली असेल, कशातच गोडी वाटत नसेल तर दाखवा. "मी नसते तर बरं" असे विचार येत असतील तर आजच. घरातलं कुणी तसं बोललं तर "असं बोलू नये" म्हणून गप्प करू नका; "जीव द्यावासा वाटतोय का?" असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणसाला सुटल्यासारखं वाटतं. त्याला एकटं सोडू नका.

टेली मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, फुकट आणि मराठीतून मिळते. मिरज आणि सांगलीच्या सिव्हिलमध्ये मानसोपचार विभाग आहे. केसपेपर काढायला लाज वाटत असेल तर सोबत कुणाला तरी घेऊन जा.

या गोळ्यांची सवय लागते म्हणतात.

नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांची दारूसारखी चटक लागत नाही. त्या दोन-चार आठवड्यांनी लागू पडतात आणि मनाने एकदम थांबवायच्या नसतात. झोपेच्या काही गोळ्यांची मात्र सवय लागते, म्हणून त्या चिठ्ठीशिवाय, शेजारणीकडून मागून घेऊ नका.

पुन्हा अशी साथ आली तर?

पहिल्याच आठवड्यात तीन गोष्टी ठरवा. बातम्या दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी. रोज एका माणसाला फोन, मेसेज नव्हे, आवाज. आणि दवाखान्यात कुणाला न्यावं लागलं तर फोन, चार्जर, घरच्यांचे नंबर लिहिलेला कागद आणि एक ओळखीची वस्तू सोबत द्या, जपमाळ असो की नातीने काढलेलं चित्र. आणि प्रशासनाकडे आग्रह धरा की शेवटच्या क्षणी एका तरी माणसाला, पूर्ण संरक्षक पोशाख घालून का होईना, आत जाऊ द्यावं. हे मी प्रत्येक बैठकीत मांडत आले आहे आणि मांडत राहणार आहे.

शेजारच्या घरात तेव्हा माणूस गेलं. आम्ही भीतीने गेलो नाही. आता गेलं तर चालेल?

जा. "आता काय तोंडाने जायचं" असं म्हणत पुष्कळांनी ती भेट आजवर टाळली आहे, आणि त्या घरातली माणसं अजून दाराकडे बघतात. दुपारच्या वेळी जा, मोकळा वेळ काढून जा. गेल्यावर हवापाण्याचं बोलत बसू नका. "तेव्हा यायला हवं होतं, आलो नाही" असं सांगा आणि मग विचारा, "कसं झालं?" ते सांगू लागले की मध्ये आपल्या घरचं सांगू नका. चहा ठेवतो म्हणाले तर नको म्हणू नका, ठेवू द्या.